कणकण अंगात घेऊन कोकण किनाऱ्याने पायी निघताना: तयारीची यादी

आधी थर्मामीटर. बूट, टोपी, पॉवर बँक हे सगळं मागून. डिजिटल थर्मामीटरमध्ये एलआर-४१ नावाचा बटणाएवढा सेल असतो. घरीच चालू करून बघा आणि एक जादा सेल सोबत ठेवा, वाटेतल्या वाडीत तो मिळायचा नाही. काचेचा, पाऱ्याचा अजिबात नको. तो साधारण ४२ अंश सेल्सिअसपर्यंतचाच असतो आणि उन्हात तापलेल्या बॅगेत आत पारा फुगून नळी फुटते. मागच्या वेळी नेमका थर्मामीटरच राहिला होता, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

वाट धरू या हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडून धोपावे, मग गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. तिथून पुन्हा फेरीबोटीने शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. ही वाट ऐन थंडीतही दुपारी तापते. हवा दमट, घाम वाळत नाही आणि सड्यावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उघड्या पठारावर, जांभ्याचा कातळ खालून भाजत राहतो. चेहरा लाल, डोळे जड, अंग दुखतंय. हे ऊन की ताप? सोबत्याने कपाळाला हात लावून काही कळत नाही, कारण त्याचाही हात तितकाच तापलेला असतो. पुढे जायचं की एसटी धरायची, हे त्या एका आकड्यावर ठरतं. आकडाच नसेल तर माणूस स्वतःची समजूत घालत चालत राहतो.

मोजायचंही नीट. उन्हातून आल्यावर सावलीत अर्धा तास बसा, मग जिभेखाली ठेवून तोंड मिटा. चहा किंवा गार पाणी प्यायला असाल तर वीस मिनिटं थांबा. नाक चोंदलेलं असेल तर तोंड मिटून श्वास घेता येत नाही, तेव्हा काखेत लावा. काखेतला आकडा साधारण एक अंश फॅरनहाइटने कमी येतो, ते धरून चला. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर, असं दोनदा, आणि गोळी घेण्याआधी. पॅरासिटामॉल घेऊन तासाभराने मोजलेला आकडा फसवा असतो. कागदाच्या चिठ्ठीवर वेळ, आकडा आणि घेतलेली गोळी लिहून ठेवा. फोनमध्ये नको, चार्जिंग संपतं.

१००.४ फॅरनहाइट किंवा वर असेल तर त्या दिवशी चालायचं नाही. गोळीने उतरला तरी नाही. ताप अंगात असताना ओझं घेऊन चढ चढणं हृदयावर बेततं. नुसती सर्दी, शिंका, घशात खवखव असेल तर सावकाश चालायला हरकत नाही. छातीत कफ, धाप, सर्वांगदुखी किंवा जुलाब असतील तर मुक्काम हलवू नका. आणि घरून निघतानाच एवढा ताप असेल तर निघूच नका. बुकिंगचे पैसे बुडाले तर बुडू द्या.

औषधं मोजून, त्यांच्या मूळ पाकिटात. पॅरासिटामॉल ६५०च्या दहा गोळ्या. एका वेळी एकच, दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर, दिवसाला चारच्या वर नाही. इथे एक घोळ हमखास होतो: मेडिकलमधून घेतलेल्या सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. ती आणि ही दोन्ही घेतली की डोस दुप्पट होतो आणि लिव्हरवर येतं. पाकिटामागचं वाचा. ताप कशाचा ते कळलेलं नसताना आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढतो. सेटिरिझिन, म्हणजे शिंका आणि वाहत्या नाकाची गोळी, फक्त रात्री, कारण झोप येते. त्यावर घाटातली गाडी लागू नये म्हणूनची गोळी घेतली तर माणूस स्टँडवरच पेंगतो. नाक मोकळं करायचे थेंब तीन दिवसांच्या वर वापरू नका, नंतर नाक जास्तच चोंदतं. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलं असेल तर त्या गोळीने कातडी उन्हात पटकन भाजते. किनाऱ्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालाच.

ओआरएसची मोठी पाकिटं सहा. एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, अख्खं. अर्ध्या बाटलीत सगळं ओतायचं नाही, कारण मीठ-साखर घट्ट झाली की जुलाब वाढतात. उरलेलं चोवीस तासांनी फेकून द्या. पाकिटं संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. शहाळं जरूर प्या, पण त्यात सोडियम कमी असतं, त्यामुळे जुलाबात नुसत्या शहाळ्यावर भागत नाही.

आणि हे सगळं बरोबर असलं तरी थर्मामीटर नसेल तर गोळी कधी घ्यायची आणि कधी थांबायचं, हा अंदाजच राहतो. तो सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. तळाशी, स्लीपिंग बॅगखाली गेला की कंटाळा येतो आणि मोजायचं राहतं.

ओझं पाण्यासकट सात किलो. तंबू घरी ठेवा, आजारी माणसाने वाळूवर झोपू नये. बनियन चार, कारण खाऱ्या हवेत धुतलेलं रात्रीत वाळत नाही आणि घामाने भिजलेल्या अंगावर संध्याकाळचा वारा बसला की खोकला वाढतो. टॉवेल, टॉर्च, सुटे पैसे, हे सांगायला नकोच.

अंतर निम्मं. एरवी वीस किलोमीटर चालत असाल तर आता आठ ते दहा. साडेसहाला निघून अकराच्या आत मुक्काम. पुळणीवरून चालायचं तर ओहोटीलाच. तेव्हा ओली वाळू घट्ट असते, कोरड्या वाळूत पाय रुततो आणि दम दुप्पट लागतो. भरतीचा अंदाज जुन्या हिशेबाने काढा: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास. एकादशीला सव्वाआठला भरती आणि ओहोटी दुपारी दोननंतर. त्या दिवशी सकाळी पुळण सोडून डांबरी रस्ता धरा. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. पऱ्ह्या (ओढा) किंवा खाडीचं तोंड कमरेएवढ्या पाण्यातून ओलांडू नका, पूल किंवा फेरीबोट असेल तिथूनच जा.

घाट उतरताना चोंदलेल्या नाकामुळे कान दुखतात. तोंडात लिमलेटची गोळी ठेवा, आवंढा गिळत राहा.

जेवणाचं आदल्या रात्री फोन करून सांगा. घरगुती खानावळीत पाहुणा आला की मासळीचं ताट तयार होतं, आणि वाढलेलं परत करणं जड जातं. 'उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, मेतकूट, लोणच्याची फोड' एवढंच मागा, कोणी नाही म्हणत नाही. पोट नाजूक असताना तिसऱ्या, कालवं, सोलकढी नको. पाणी उकळलेलं.

निघण्याआधी प्रत्येक मुक्कामाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शेवटच्या एसटीची वेळ लिहून घ्या. मोठा दवाखाना म्हणजे दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय किंवा रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय. रुग्णवाहिका १०८. वाडीत खाली उतरल्यावर रेंज जाते, तेव्हा सड्यावर असतानाच घरी फोन.

परतीचं: रेल्वे किनाऱ्यावर नाही. दापोलीकडून खेड, गणपतीपुळ्याकडून रत्नागिरी. तिकीट आधी काढा.

घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना कोकणात होतो, शेतातून, पाण्यातून चाललो हे सांगा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) आणि मलेरिया तपासायला हवेत. आकड्यांची ती चिठ्ठीही दाखवा.