बाल्बियानेल्लोला जाताय? मग एकेक मालक धरून बघा

इटलीतल्या लेक कोमोला जाणारे आपले लोक विला देल बाल्बियानेल्लो या तळ्याकाठच्या जुन्या बंगल्यात हमखास जातात, कारण नोव्हेंबर २०१८ मध्ये दीपिका-रणवीरचं लग्न तिथे झालं. पण बहुतेक जण नुसतं बागेचं तिकीट काढतात, वेल चढलेल्या कमानीपाशी फोटो काढतात आणि निघतात. एवढा खर्च करून गेलाच आहात तर घर कोणाकोणाच्या हातातून गेलं तसं बघा, खरी मजा त्यात आहे.

मिलानो सेंत्रालेहून ट्रेनने कोमो सान जोवान्नी, तिथून सी-१० बस, उतरायचं लेन्नोला. पुढे टॅक्सी बोट घ्या नाहीतर साधारण किलोमीटरभर पायी जा. सोमवारी आणि बुधवारी सहसा बंद असतं, शिवाय लग्नं लागतात तिथे, त्यामुळे साइटवर तारीख बघूनच प्लॅन करा आणि घराच्या आतली टूर असलेलंच तिकीट आधी बुक करून ठेवा, नंतर स्लॉट मिळत नाहीत.

पोचल्यावर आधी ते दोन मनोरे शोधा. ते फ्रान्सिस्कन साधूंच्या जुन्या चर्चचे, म्हणजे विलाच्याही आधीचे. मग १७८० च्या दशकात कार्डिनल आंजेलो मारिया दुरिनीने जागा घेऊन घर बांधलं. वरचा लॉजिया (कमानींचा उघडा व्हरांडा) त्याच्या नावाचा, आणि तो बरोब्बर डोंगराच्या धारेवर आहे, मध्ये उभं राहिलं की दोन्हीकडे तळं दिसतं. माणसाला जागेची जाण होती हे मान्यच करावं लागतं!

त्याच्यानंतर भाचा-पुतण्यांपैकी लुइजी पोर्रो लांबेर्तेंगी. तेव्हा इथे ऑस्ट्रियाचं राज्य होतं आणि हा त्याविरुद्धच्या चळवळीतला, त्याच्या मुलांना शिकवायला लेखक सिल्विओ पेलिको होता, तोही त्याच चळवळीतला. पेलिकोला १८२० मध्ये अटक झाली, पुढच्या वर्षी पोर्रोही देश सोडून पळाला. मग घर गेलं आर्कोनाती व्हिस्कोंती घराण्याकडे, नंतर बरीच वर्षं ओसाड, आणि १९१९ मध्ये बटलर एम्स नावाच्या अमेरिकन जनरलने घेऊन ते दुरुस्त केलं. एवढं बागेत फिरता फिरता होतं.

आता आत शिरा आणि घाई करू नका, कारण आतलं सगळं गुइदो मोंझिनोचं आहे, १९७४ पासूनचा मालक. स्टांडा या दुकानांच्या साखळीवाल्या घरातला, पैसा भरपूर, हौस त्याहून जास्त. १९७१ मध्ये कुत्र्यांच्या स्लेजने उत्तर ध्रुव गाठला, १९७३ मध्ये एव्हरेस्टवरच्या पहिल्या इटालियन मोहिमेचा लीडर. पोटमाळ्यावर त्याच्या मोहिमांचं छोटं म्युझियम आहे, तिथली स्लेज जवळून बघा. गाईडला गुप्त वाटांबद्दल पण विचारा, त्या काळी इटलीत श्रीमंतांची अपहरणं व्हायची म्हणून त्याने घरातल्या घरात सटकायची सोय करून घेतली होती. मला तर फोटोवाल्या कमानीपेक्षा हेच भारी वाटलं.

१९८८ मध्ये तो गेला तेव्हा सगळं एफएआय या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन गेला. पुरलंय त्याला बागेतल्याच जुन्या बर्फघरात, ते बघायचं राहतं बरेचदा, तेव्हा आधीच विचारून घ्या. आणि परतीच्या बसची वेळ लेन्नोला उतरल्या उतरल्या बघून ठेवा.