लग्नपत्रिका समाजशास्त्रज्ञाच्या नजरेने कशी वाचावी

धर्म, नातीगोती आणि आजचं जगणं या तिन्हींचा एकदम अभ्यास करायचा असेल, तर लग्नपत्रिकांइतकं सोयीचं साहित्य मराठी मुलखात दुसरं नाही. ती फुकट मिळते, घरोघरी पडून असते आणि तिच्यावर तारीख छापलेली असते. फक्त एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी. पत्रिकेत लग्न कसं झालं ते नसतं. आपण कोण, आपले कोण आणि कोणापुढे कसं दिसायचं याबद्दल कुटुंबाने चारचौघांत केलेला दावा तिच्यात असतो. तो दावा वाचायचा आणि मग प्रत्यक्षाशी ताडून पाहायचा, एवढंच काम आहे. तेच नीट करायला वेळ लागतो.

गोळा करणे

एक गाव किंवा एक वस्ती धरा आणि दोन कालखंड निवडा, उदाहरणार्थ १९८० ते १९९० आणि २०१५ ते २०२५. दोन्ही काळातल्या किमान तीस-तीस पत्रिका हव्यात. त्याहून कमी मिळाल्या तर टक्केवारी काढू नका, ‘अकरापैकी चार’ असं सरळ लिहा. जमेल तिथे एकाच लग्नाच्या दोन्ही पत्रिका मिळवा, वराकडची आणि वधूकडची. अशी एक जोडी दहा सुट्या पत्रिकांना भारी पडते, कारण लग्न तेच, पण क्रम, मानाची नावं आणि कधी कधी देवसुद्धा बदललेला असतो.

हा ढीग मुळातच एका बाजूला झुकलेला असतो. लोक जवळच्यांच्या आणि भारी कागदाच्या पत्रिका जपतात. पळून जाऊन केलेलं लग्न, नोंदणी कचेरीतलं लग्न, हाताशी पैसा नसताना चार माणसांत उरकलेलं लग्न यांच्या पत्रिका बहुधा छापल्याच जात नाहीत. ‘गावात आंतरजातीय लग्नं होत नाहीत’ असा निष्कर्ष पत्रिकांवरून काढणारा हमखास फसतो.

गावातल्या छापखान्यात आधी जा. तिथे मजकुराच्या नमुन्यांची वही किंवा फाइल असते आणि गिऱ्हाईक त्यातला एक मजकूर निवडून नावं भरून देतं. त्या वहीतल्या सगळ्या पानांचे फोटो घ्या. वीस पत्रिकांत एकच श्लोक दिसला, तर ती वीस घरांची श्रद्धा की मालकाचा ठरलेला मजकूर, हे त्या वहीवरूनच कळतं. नमुन्याला सोडून घरच्यांनी जे बदललं, वाढवलं किंवा खोडलं, तोच आपला खरा माल.

तक्ता

प्रत्येक पत्रिकेला क्रमांक द्या, फोटो काढा आणि तक्त्यात उतरवा. साधारण बारा रकाने पुरतात: वर्ष, वार, कोणत्या बाजूची पत्रिका, शीर्षस्थानी देव किंवा वचन, वधूवरांची उपपदं, शिक्षण-नोकरीचा उल्लेख, आईचं नाव आहे का आणि कसं, निमंत्रक कोण, मामांचे उल्लेख, पाहुण्या पुढाऱ्यांची नावं, मुहूर्ताची वेळ, आहेराची ओळ. पहिल्या दहा पत्रिका दोघांनी वेगवेगळ्या भराव्यात आणि मग जुळवून पाहाव्यात. जिथे दोघांचं जुळत नाही, तिथे रकान्याची व्याख्या कच्ची आहे. साठ पत्रिका भरून झाल्यावर हे लक्षात आलं, तर सगळं पुन्हा करावं लागतं.

‘जात’ असा रकाना करून आडनावावरून तो भरू नका. जाधव, पवार, शिंदे ही आडनावं किती वेगवेगळ्या जातींत आहेत ते कोणत्याही गावाला ठाऊक असतं. जात हवी असेल तर विचारून घ्या, नाहीतर रिकामी सोडा.

वरची ओळ: देव

एमिल द्युरकेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ साली मांडलं की पवित्र वस्तूभोवती जमणारा समूह त्या वस्तूच्या रूपाने स्वतःलाच ओळखत असतो. ‘श्री खंडोबा प्रसन्न’, ‘श्री तुळजाभवानी प्रसन्न’ या ओळी अशाच वाचायच्या. कुलदैवत भावकीचं असतं, एकट्याचं नव्हे. त्याच जागी साईबाबा किंवा स्वामी समर्थ आले, तर मामला बदलतो. ती निवडलेली भक्ती आहे, कुळातून आलेली नाही. दोन्ही ‘देवता’ म्हणून एकाच खान्यात टाकल्या, तर सगळ्यांत महत्त्वाचा बदल हातचा जातो.

जुन्या पत्रिकेत म्हसोबा आणि नव्या पत्रिकेत बालाजी दिसला, की विद्यार्थी लगेच ‘संस्कृतीकरण’ लिहून मोकळे होतात. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी कर्नाटकातल्या कूर्गवरील १९५२च्या ग्रंथात मांडलेली ही कल्पना आहे: खालच्या मानलेल्या जातीने वरच्या जातीचे आचार उचलून दर्जावर दावा सांगणं. ती इथे लागू पडेलही, पण छापखान्याची वही पाहिल्याशिवाय लागू करू नये.

बौद्ध कुटुंबांच्या पत्रिका वेगळ्या जपून वाचाव्यात. १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर घडलेल्या या परंपरेत वर बुद्ध आणि बाबासाहेब असतात, मथळा बऱ्याचदा ‘मंगल परिणय’ असतो. तक्त्यात ‘देव: नाही’ असं लिहिलं, तर या पत्रिका मुहूर्त न मानणाऱ्या नोंदणी-विवाहांच्या गठ्ठ्यात जाऊन पडतात. इथे देव गळालेला नाही, विचारपूर्वक नाकारलेला आहे. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने झालेल्या लग्नांत नाकारलेला असतो तो पुरोहित. ती परंपरा १८७३ पासूनची आहे. दोन्हींसाठी स्वतंत्र खूण ठेवा.

नावं: इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या

समजा वराकडच्या एका पत्रिकेत असा मजकूर आहे (नावं बनवलेली आहेत):

‘आमचे येथे श्रीकृपेकरून चि. अमोल, बी.ई. (कै. दगडूराव यांचे नातू व गं. भा. शांताबाई यांचे ज्येष्ठ चिरंजीव) आणि चि. सौ. कां. स्नेहल, एम.एस्सी. (श्री. बाळासाहेब शिंदे, मु. पो. वडगाव यांची द्वितीय कन्या) यांचा शुभविवाह… निमंत्रक: श्री. व सौ. काका-काकू… मामा: श्री. शिंदे बंधू, वडगाव.’

सावकाश वाचा. आजोबा वारलेले असूनही पहिला मान त्यांचा. आई हयात आहे, तिचं नावही आहे, पण निमंत्रक काका-काकू. म्हणजे विधवा आईचा उल्लेख झाला, यजमानपण जोडप्याकडे गेलं. वधूची आई पत्रिकेत नाहीच. वधूच्या नावाआधी ‘सौ. कां.’ लागलं, वराच्या नावाला तसं काहीच लागत नाही. बाईची ओळख तिच्या वैवाहिक स्थितीने द्यायची ही रीत एम.एस्सी.च्या शेजारी बिनदिक्कत बसली आहे. शिक्षण वाढलं की बाकीचं आपोआप बदलतं, या समजाला अशा पत्रिका चांगलाच धक्का देतात.

आता मामांकडे वळा. वराचे मामा शिंदे, वधूचे वडीलही शिंदे आणि गाव दोन्हीकडे वडगाव. मामेबहिणीशी लग्न झालेलं असण्याची दाट शक्यता. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेचे विभाग पाडले, त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. दक्षिणेसारखी मामाची मुलगी इथल्या बऱ्याच जातींत चालते, आत्याची मात्र सहसा चालत नाही. पत्रिकेवरून ही शंका घ्यायची आणि खात्री माणसांना विचारून करायची. एका गावात एका आडनावाची पन्नास घरं असू शकतात.

‘गं. भा.’ची नोंद काळजीने करा. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर शासनानेही ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. त्याआधीच्या आणि नंतरच्या पत्रिकांत आईचा उल्लेख कसा बदलतो, हा स्वतंत्र छोटा अभ्यास होईल. मात्र आई निमंत्रक म्हणून छापली गेली म्हणून विधींनाही तीच बसली असं धरू नका. कागद आधी बदलतो, पाटावर बसणारं माणूस बहुधा नंतर.

मुहूर्त आणि आहेर

‘सकाळी ११ वा. ४३ मि.’ ही मिनिटं पंचांगाची, वार मात्र बऱ्याचदा कार्यालयाच्या तारखेचा. वार आणि महिना वेगळे मोजा. चातुर्मासातलं लग्न दिसलं, तर ‘काढीव मुहूर्त’ (एरवी मुहूर्त नसताना गरजेपोटी काढून घेतलेला) होता का ते विचारा. आधी हॉल ठरला की आधी मुहूर्त, या एका प्रश्नातून आधुनिकतेबद्दल भरपूर हाती लागतं. परंपरा मोडलेली नसते, तिला रविवारी बसवलेलं असतं.

‘आहेर आणू नये’ ही ओळ शब्दशः घेऊ नये. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली दाखवलं की भेटीत देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं असतात. त्याचा पुरावा पत्रिकेत सापडणार नाही, आहेराच्या वहीत सापडेल. नाव, गाव आणि ५०१ की १००१. ज्याने आहेर घातला, त्याच्या घरच्या लग्नाला जाण्याआधी ही वही बाहेर निघते. दाखवली तर पाहा. आकडे मात्र उतरवून घेऊ नका, कुणी किती घातले हे बाहेर फुटलं की गावात तुमचं दार बंद.

माणसांना विचारणे

‘का’ शेवटी विचारा, आधी ‘कसं’. कच्चा मजकूर कोणी लिहिला? प्रूफ कोणी तपासलं? शेवटच्या क्षणी कोणाचं नाव वाढलं? नाव राहिलं म्हणून कोण रुसलं? रुसव्याचा प्रश्न सगळ्यांत फलदायी, कारण नात्यातला क्रम मोडल्यावरच तो लोकांच्या बोलण्यात येतो. दुरुस्त्यांसह प्रूफ जपलेलं असेल, तर छापील पत्रिकेपेक्षा ते जास्त सांगतं. व्हॉट्सअॅपवर वेगळी पत्रिका पाठवली होती का, हेही विचारा. गावाला मामा-भावकीची पत्रिका आणि ऑफिसच्या मित्रांना फक्त दोघांच्या फोटोची, असं सर्रास चालतं. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाच्या भाषेत प्रेक्षक बदलले की सादरीकरण बदलतं.

जपणूक

फोन नंबर आणि पत्ते लगेच झाका, लिहिताना गावाचंही नाव बदला. श्रीनिवास यांचं प्रसिद्ध ‘रामपुरा’ हे गावसुद्धा बदललेल्या नावाचंच. त्यांच्या त्या गावावरच्या, वर्षानुवर्षं घोटलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती एप्रिल १९७० मध्ये स्टॅनफर्डला कुणीतरी लावलेल्या आगीत एकाच जागी होत्या म्हणून एकदम जळाल्या. तेव्हा तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा. मूळ पत्रिका परत करा. कोपऱ्यावरची हळदीकुंकवाची बोटं पुसू नका आणि तो कोपराही फोटोत घ्या, कारण देवापुढे किंवा मानाच्या घरी गेलेली पत्रिका कोणती, ते बऱ्याचदा त्या डागावरूनच ओळखता येतं.