टपालाने फ्लायची अदलाबदल

आम्ही सहाजण हाताने बांधलेल्या फ्लाय, म्हणजे मासेमारीच्या गळावर पिसं-दोरा गुंडाळून केलेली खोटी आमिषं, टपालाने बदलतो. प्रत्येकाने एकाच नमुन्याच्या सहा बांधून एकाकडे धाडायच्या. तो वाटणी करून प्रत्येकाला सहा वेगवेगळ्या परत पाठवतो. यंदा वाटणी सांगलीत माझ्याकडे आहे.

सहाही सारख्या हव्यात. मी आठ नंबरच्या गळावर वूली बगर नावाचा नमुना बांधतो. कोंबड्याचं पीस फ्लायच्या अंगावर गुंडाळताना वेढ्यांमधलं अंतर सारखं ठेवा, नाहीतर पाण्यात ती एका अंगाला कलते. शेवटची गाठ गळाच्या डोळ्यामागे (दोरी ओवायच्या भोकामागे), वर वार्निशचा थेंब, आणि रात्रभर वाळवण. हे टाळू नका. मला एकदा ओल्याच डबीबंद केलेल्या आल्या. सगळे गळ गंजलेले, फार वाईट वाटलं.

नुसत्या पाकिटात कधीच नको. पिसं चेपतात आणि गळ पोस्टमनच्या बोटात जातो. गोळ्यांच्या डबीत थर्माकोलचा तुकडा बसवून त्यात खोचा. प्रत्येकीला चिठ्ठी बांधा: नाव, नमुना, गळाचा नंबर. सोबत परतीचा टपालखर्च.

रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टच करा. परदेशी मित्राला पाठवताना मोरपीस वापरू नका, त्याच्या निर्यातीला बंदी आहे.