ओल्ड गोव्याच्या बॅसिलिकात जाताय? या चुका टाळा

आमचं घर कुडाळात. मुंबई-पुण्याहून पाहुणे आले की गोवा ठरलेलं, आणि गोव्यात ओल्ड गोव्याचं बॉम जेझुस बॅसिलिका, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं शरीर जिथे ठेवलंय ते जुनं चर्च, तेही ठरलेलं. पाहुण्यांना घेऊन मी तिथे इतक्यांदा गेलोय की कोण कुठे अडखळणार, हे आधीच कळतं. वाईट हेतूने कोणी वागत नाही. पण काही जण किल्ला पाहायला आल्यासारखे वावरतात आणि काही जण गावच्या देवळात आल्यासारखे. हे दोन्हीही नाही. इथे रोज मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, होते, आणि बाकावर डोळे मिटून बसलेला माणूस प्रार्थनेला आलेला असतो.

रविवारी सकाळी नऊला पोचणं

ही सगळ्यात जास्त घडणारी चूक. सुट्टी रविवारची, मग निघणंही रविवारचंच. पण रविवारी सकाळी इथे एकामागून एक मिस्सा असतात आणि पर्यटकांना साधारण साडेदहानंतरच आत सोडतात. दाराशी हुज्जत घालू नका. पोचलाच असाल तर तेवढ्या वेळात टेकडीवरचे सेंट ऑगस्टीनचे भग्नावशेष बघून या. तिथला एकटा उभा असलेला, सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोरा सकाळच्या उन्हात फार सुंदर दिसतो.

जमत असेल तर मधल्या वारी, उघडल्या उघडल्या जा. उशीर केलात की कळंगुटकडच्या बसेस येतात आणि मग आत नुसतं पुढे सरकणं उरतं. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे कोणी आत सोडायचे पैसे मागितले तर देऊ नका.

३ डिसेंबरचं फेस्त, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा उत्सव, आणि २४ नोव्हेंबरपासूनचे नोव्हेनाचे, म्हणजे त्याआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे, दिवस ही गोष्टच वेगळी. गोंयच्या सायबाचा (या संताला गोव्यात असंच म्हणतात) दिवस म्हणून गोव्यात सार्वजनिक सुट्टी असते, माणसं चालत येतात, गाड्या लांब उभ्या कराव्या लागतात. भक्तिभाव अनुभवायचा असेल तर त्या गर्दीत जरूर जा. वास्तू बघायची असेल तर मात्र ते दिवस सोडा.

चुकीच्या स्टेशनावर उतरणं

कोकण रेल्वेने येणारे सवयीने थिवीला किंवा मडगावला उतरतात आणि टॅक्सीला भरपूर पैसे घालवतात. ओल्ड गोव्याला सगळ्यात जवळचं स्टेशन करमळी. तिथून बॅसिलिका दोन-तीन किलोमीटरवर आहे. एकटेच असाल तर पायलट, म्हणजे मोटारसायकलवाला, बघा. पण भाडं आधी ठरवा. पणजीहून येत असाल तर कदंबच्या आणि खासगी बसेस आहेतच.

कपडे

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. किनाऱ्यावरून थेट बर्म्युडात येणारे दाराशीच अडतात. पिशवीत एक ओढणी आणि एक पातळ पँट ठेवली की प्रश्न मिटतो. चपला मात्र काढायच्या नसतात. आपली माणसं सवयीने पायरीवर काढतात आणि परत येईपर्यंत गर्दीत एक चप्पल हरवलेली असते. आत शिरताना डोक्यावरची टोपी तेवढी काढा.

पवित्र प्रसादाच्या रांगेत उभं राहणं

याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण ही चूक आमच्याच घरात झाली आहे. आत्याला घेऊन गेलो तेव्हा मिस्सा चालू होती. लोक रांगेने पुढे जाऊन फादरकडून काहीतरी घेताना दिसले. आत्याही रांगेत लागली. पातळ पांढरी चकती हातात घेऊन आली आणि पदरात बांधायला लागली. म्हणाली, "ह्यो घराक न्हेतंय, पोरांका होयो." देवाच्या दारातून प्रसाद घरी न्यायचा, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. शेजारच्या बाकावरची एक म्हातारी उठून आली आणि आत्याचा हात धरून हळूच म्हणाली, "बाय, हें घरा व्हरपाचें न्हय."

ती चकती त्यांच्यासाठी ख्रिस्ताचं शरीर असते. दीक्षा झालेल्या कॅथलिकांनीच ती घ्यायची, आणि घेतल्या जागीच खायची. खिशात, पर्समध्ये, पदरात बांधून नेणं त्यांच्या दृष्टीने फार गंभीर आहे. कोणी दिसेल त्याला वाटत बसणंही तसंच. त्यामुळे ती रांग लागली की आपण बाकावरच बसून राहायचं. आणि चुकून घेतलीच असेल तर टाकून देऊ नका, लपवूही नका. सरळ फादरकडे किंवा तिथल्या सेवेकऱ्याकडे जाऊन "चुकून घेतली" म्हणून परत द्या. आत्याने तेच केलं. फादर रागावले नाहीत, हसून मान डोलावली. मला मात्र आधी सांगायला हवं होतं, याचं अजून वाईट वाटतं.

"मम्मी कुठे आहे?" असं विचारणं

हा प्रश्न मोठ्याने विचारला की आजूबाजूची माणसं दुखावतात. मम्मी म्हणजे नुसतं जपून ठेवलेलं प्रेत; त्यांच्यासाठी ते संताचं पवित्र शरीर आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर वारले. शरीर पुढे गोव्यात आणलं. नखं वाढतात, केस वाढतात असल्या गोष्टी कोणी सांगितल्या तर मान डोलावून पुढे पसरवू नका.

आणि जवळून दिसेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. वेदीकडे तोंड केल्यावर उजव्या हाताच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिरात, उंचावर चांदीची पेटी आहे. खालून मान वर करून तेवढीच दिसते. शरीर खाली आणून दर्शनाला ठेवतात ते दहा वर्षांनी एकदा, तेही रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलमध्ये. मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं.

शरीर जवळून दिसलं नाही म्हणून हिरमुसून निघणारे खरं तर मोठी गोष्ट हुकवतात. पेटीखालची संगमरवरी समाधी टस्कनीच्या तिसऱ्या कोसिमो मेदिचीने पाठवली. फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीचं ते काम, १६९८ मध्ये इथे उभारलेलं. तिच्यावरचे ब्राँझचे पट संताच्या आयुष्यातले प्रसंग सांगतात. पेटी मात्र गोव्याच्याच सोनारांनी सतराव्या शतकात घडवली. बाजूला थांबून पाच मिनिटं ते बघा.

फोटो

फ्लॅश नको, वेदीकडे पाठ करून पोझ नको, मिस्सा चालू असताना मोबाइल खिशात. आतल्या फलकावर जे लिहिलंय ते पाळा. फोटो काढायची हौस बाहेर अंगणात भागवा.

भिंतीला टेकणं, कोरणं

हे आपल्या कोकणी माणसाला तरी सांगावं लागू नये. जांभा कसा असतो ते आपल्याला ठाऊक आहे: उघडा राहिला की पाऊस पितो आणि भुगा होत जातो. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढला, तेव्हापासून जांभा उघडाच आहे. म्हणजे जो लाल रंग बघायला आपण जातो तो मूळचा नव्हेच. गिलावा परत करावा का, यावर वाद चालू आहे. तोवर निदान आपण किल्लीने नावं कोरू नयेत, मुलांना भिंत खरवडू देऊ नये.

बाहेरच्या मेणबत्त्या

गाडीतून उतरताच कोणी मेणबत्ती किंवा हार हातात कोंबेल. एकदा हातात घेतली की पैसे मागणं सुरू. नको असेल तर हात मागेच ठेवा. लावायची असेल तर किंमत विचारून घ्या आणि बाहेर ठरवलेल्या जागीच लावा.

एकाच दिवसात सगळं

मंगेशी, शांतादुर्गा, ओल्ड गोवा, दोना पावला आणि मिरामारचा सूर्यास्त, असा बेत केला की बॅसिलिकाला वीस मिनिटं मिळतात. मंगेशी आणि ओल्ड गोवा इतकंच ठेवा. से कॅथेड्रलही सोडू नका. बॅसिलिका लाल आणि हे पांढरं, एकच मनोरा असलेलं. दुसरा १७७६ मध्ये कोसळला. त्याच्या शेजारचं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तेव्हा वार बघून निघा. वेळ उरलाच तर व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली धक्क्यावर जा आणि फेरीबोटीने दिवाडी बेटावर एक चक्कर मारून या. परतीची गाडी करमळीहून असेल तर येतानाच रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा. संध्याकाळी स्टेशनकडे जायला वाहन चटकन मिळत नाही.