खालची कपाटं बसवताना पहिली रेघ कुठे मारायची?

किचनची खालची कपाटं स्वतः बसवणार असाल, तर आधी जमिनीचा सर्वांत उंच भाग शोधा. फरशी सपाट दिसते, पण तीन मीटरमध्ये 10-15 मिमीचा फरक सहज निघतो. त्या उंच जागेवरून कपाटाची उंची मोजून लेव्हलने भिंतीवर आडवी रेघ मारा आणि बाकीची कपाटं त्यांचे स्क्रूसारखे वर-खाली होणारे पाय फिरवून रेघेपर्यंत उचला. सखल बाजूने सुरुवात केलीत तर उंच भागावर पाय पूर्ण आत घेऊनही कपाट रेघेच्या वरच राहतं. मग सगळंच पुन्हा काढा!

पहिलं कपाट कोपऱ्यातलं. तिथे साधारण 50 मिमीची फिलर पट्टी (मधली जागा भरणारी फळीची पट्टी) हवीच, नाहीतर ड्रॉवर काटकोनातल्या कपाटाच्या हँडलला अडतो. शेजारच्या कपाटांच्या पुढच्या कडा जुळवून क्लॅम्प आवळा, मगच स्क्रू मारा. 18 मिमीच्या दोन फळ्या म्हणजे 36 मिमी, म्हणून स्क्रू 30चा. 40चा घेतला की टोक पलीकडे निघून हात ओरबाडतो.

काउंटर पार्टिकल बोर्डचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) असेल तर सिंकसाठी कापलेल्या कडेला सिलिकॉन लावायचा कंटाळा नको. पाणी शिरून फुगलेली फळी वाळली तरी पूर्ववत होत नाही.