लेणी अभ्यासायला निघालात? या चुका टाळा

चाळीसगावला गाडीतून उतरून पाटणादेवी, पितळखोरे आणि अजिंठा अशी फेरी मारणारी मुलं मला दर हिवाळ्यात भेटतात. कुणी एम.ए. करत असतं, कुणी मूर्तिशास्त्राचा डिप्लोमा, कुणाला नुसती आवड असते. फोनची बॅटरी भरलेली, वही कोरी आणि संध्याकाळच्या परतीचं तिकीट आधीच काढलेलं. या मुलांविषयी मला माया आहे, म्हणूनच हे लिहितोय. त्याच त्या चुका बघून जीव तुटतो. आणि बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: डोळे पोचायच्या आधी नाव पोचलेलं असतं.

नावावरून लेणं ओळखणं

ही माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा सविस्तर.

पाटणादेवीजवळच्या पाटण्याच्या डोंगरात ‘नागार्जुन कोठी’ नावाचं छोटं लेणं आहे. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी घरून वीस पानांचा निबंध लिहूनच आला होता. महायानाचे आचार्य नागार्जुन इथे राहिले, इथेच त्यांनी शून्यवाद मांडला, जवळच पितळखोऱ्याची बौद्ध लेणी असल्यामुळे हे सिद्धच होतं, वगैरे. भाषा चांगली होती, मेहनतही दिसत होती. फक्त लेणं पाहिलेलं नव्हतं. मी वाद घातला नाही. म्हटलं, चल वर.

वर गेल्यावर त्याला एकच काम दिलं: ‘चीवराची कड शोधून दाखव.’ बुद्धमूर्ती झिजलेली असली तरी वस्त्राची खूण बहुधा कुठेतरी राहते. डाव्या खांद्यावरून छातीवर तिरकी उतरणारी रेघ, मनगटाशी लोंबणारा काठ, घोट्याच्या वर पायावर उमटलेली बारीक कड. पोराने गळा पाहिला, छाती पाहिली, गुडघ्यावर बसून घोटे पाहिले. बोट हवेत धरून रेघेचा माग काढत राहिला. पंधरा-वीस मिनिटं गेली. मग आपणहून म्हणाला, ‘सर, अंगावर कपडाच नाही.’ अर्थात नाही. ते जैन लेणं आहे, मूर्ती तीर्थंकरांच्या आहेत. वीस पानं त्याने परतीच्या वाटेवर पिशवीत घातली आणि नंतर सगळा विषय नव्याने लिहिला. आता तो स्वतः मुलांना शिकवतो, आणि पहिल्या दिवशी त्यांना कडच शोधायला लावतो.

लांब कान, कुरळे केस, मांडी घालून मिटलेले डोळे, कमळाचं आसन या गोष्टी बुद्धाकडेही असतात आणि तीर्थंकरांकडेही. त्यांवरून काही ठरत नाही. डोक्यावर नागाचा फणा दिसला की लगेच ‘पार्श्वनाथ’ लिहून मोकळं होणारेही खूप आहेत, पण मुचलिंद नागाने फणा धरलेला बुद्धही असतो. हात बघा. तीर्थंकर बसलेले असले तर हात मांडीवर, उभे असले तर दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले. एक हात जमिनीला टेकवलेला किंवा दोन्ही हात छातीशी उपदेशाच्या मुद्रेत असले, तर तो तीर्थंकर नाही. छातीवर श्रीवत्साची खूण आहे का, आसनाखाली लांछन, म्हणजे त्या तीर्थंकराचं ठरलेलं चिन्ह, आहे का, हे त्यानंतर. हात आणि कड एवढं पाहिलंत तरी निम्म्याहून अधिक चुका टळतील.

उलट दिशेनेही हेच होतं. सिल्लोड तालुक्यात जंजाळ्याचं ‘घटोत्कच लेणं’ आहे. नाव भीमाच्या मुलाचं, आत मात्र बौद्ध विहार. आणि शिलालेख कुणाचा? वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा, ज्याने अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं कोरवून घेतलं. नावाला भुलून ‘महाभारतकालीन’ म्हणून सोडून दिलं, तर अजिंठ्याच्या इतिहासाचा एक पक्का धागा हातून गेला.

मात्र गावकऱ्यांच्या नावांना हसू नका. पांडव, सीतेची न्हाणी, नागार्जुन ही नावं लेण्याचा काळ सांगत नसली, तरी शेकडो वर्षं लोकांनी ती जागा मनात कशी जपली ते सांगतात. माझी सवय साधी आहे: वहीच्या डाव्या पानावर लोकांनी सांगितलेलं, उजव्या पानावर मला दिसलेलं. दोन्ही पानं एकमेकांत मिसळायची नाहीत.

अख्ख्या लेण्याला एकच तारीख चिकटवणं

‘पितळखोरे, इसवी सनपूर्व दुसरं शतक’ असं वाचायचं आणि तिथली भिंत, खांब, चित्र, पायरी सगळं त्याच शतकात ढकलून द्यायचं. ही चूक मी स्वतः तरुणपणी केली आहे. तिथल्या चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या पूजेच्या दालनाच्या, अष्टकोनी खांबांवर बुद्धाची चित्रं आहेत. खांब इतके जुने, म्हणून चित्रंही तितकीच जुनी, असं मी एका लेखात ठामपणे लिहिलं. माझ्या गुरूंनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि बाजूला एवढंच लिहिलं: ‘खांब कोरला कुणी आणि रंगवला कुणी?’ चित्रं काही शतकांनी नंतरची आहेत. लेणं कोरणाऱ्या लोकांनी बुद्धाची मूर्ती कोरलीच नव्हती. त्यांची पूजा स्तूपाची होती.

अजिंठ्याचं १० नंबरचं लेणं याचा उत्तम धडा आहे. दर्शनी भागावर वासिठीपुत कटहादीच्या दानाचा ब्राह्मी लेख. डाव्या भिंतीवर बोधिवृक्षाच्या पूजेला निघालेला राजपरिवार, हे सातवाहनांच्या काळचं जुनं चित्र. खांबांवर पाचव्या शतकातले बुद्ध. आणि त्यांतल्याच एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी कोरलेलं स्वतःचं नाव. ते नाव आज डोक्याच्या वर दिसतं, कारण तो उभा होता तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचलेला होता. एका खांबापाशी उभं राहून दोन हजार वर्षांतले चार काळ बघायला मिळतात, आणि मुलं वर्णन एका ओळीत संपवतात.

माझ्या वहीत लेण्याला तारीख नसते. दगडकाम, गिलावा, रंग, लेख आणि नंतरची डागडुजी यांना प्रत्येकी वेगळी ओळ असते. ज्या ओळीला पुरावा नाही ती कोरी. कोरी ओळ ठेवायला धीर लागतो, आणि नवख्यांकडे तोच कमी पडतो.

पाणी, खडू, तेल

इथे मी गोड बोलणार नाही.

एका डिसेंबरात पितळखोऱ्यात बारा-पंधरा जणांचा गट आला होता. मी वरच्या पायऱ्यांवर होतो. खाली चैत्यगृहात एक मुलगा बाटलीतल्या पाण्याने रुमाल ओला करून खांबावरून फिरवत होता. ओला झाला की रंग उठून दिसतो, फोटो चांगला येतो, असं त्याला कुणी तरी शिकवलं होतं. मी ओरडत खाली पोचेपर्यंत गिलाव्याचा अंगठ्याच्या नखाएवढा कपचा सुटून त्याच्या रुमालाला चिकटला होता. एका बाजूला माती, भुसा, तंतू. दुसऱ्या बाजूला तांबूस रंग आणि काळ्या रेषेचा एक तुकडा. ती रेघ कशाची होती ते आता कधीच कळणार नाही. मुलगा रडायला लागला. वाईट नव्हता तो, त्याला फक्त घाई होती. गटाबरोबरचे शिक्षक बाहेर ओढ्याच्या काठी जेवणाची व्यवस्था बघत होते.

आपल्याकडचा गिलावा मातीचा आहे. पाणी आत शिरलं की माती फुगते, सुकताना आखडते आणि दगड सोडते. त्या दिवशी काही पडलं नाही, तरी पुढच्या उन्हाळ्यात पडतं. अक्षरांत खडू भरणं तितकंच वाईट. खडू भरणारा आपल्याला वाटतं ते अक्षर ‘भरतो’, आणि पुढचा माणूस दगड वाचायचं सोडून त्याचा अंदाज वाचत बसतो. तेलाबद्दल तर बोलायलाच नको. ते दगडात मुरतं आणि धूळ धरून ठेवतं. कागद-शाईने ठसा घेणं हे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने आणि जाणत्या हातांनी करायचं काम आहे.

मग अक्षरं दिसायची कशी? पूर्वी तिथे राखणीला असलेल्या एका आप्पांनी मला अहिराणीत एका वाक्यात शिकवलं: ‘भाऊ, ऊन उतरू दे, मंग दिखी.’ समोरून पडणारा उजेड दगड सपाट करतो, आडवा उजेड खोदकाम उघडं करतो. म्हणून तिरपं ऊन आत येईल ती वेळ धरा. उजेड पोचत नसेल तिथे साधी टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. मग डावीकडून एक, उजवीकडून एक, वरून एक असे फोटो घ्या. जी रेघ तिन्हींत दिसते ती छिन्नीची, जी एकातच दिसते ती बहुधा दगडाची भेग. आणि फोटो काढण्याआधी अक्षरं वहीत हाताने उतरवा, छापलेलं वाचन न बघता. छापलेलं आधी पाहिलंत की डोळा तेच शोधतो. रंगचित्रांच्या जवळ मात्र प्रखर दिवाही नको आणि फ्लॅश तर नकोच.

काही चुका थोडक्यात

अजिंठ्याच्या चित्रांना ‘फ्रेस्को’ म्हणू नका. फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग देतात. इथे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. ‘भित्तिचित्र’ हा आपला शब्द पुरेसा आहे.

लेण्यांचे नंबर काळाचे नाहीत, वाटेवर ओळीने दिलेले आहेत. १ नंबरचं लेणं जुनं नाही, ९ आणि १० जुनी आहेत.

‘अजिंठा १८१९ साली सापडलं’ असं लिहिताना क्षणभर थांबा. आसपासच्या माणसांना ते माहीत नव्हतं असं समजायला काही आधार नाही. इंग्रजांना सापडलं, असं लिहा.

मूर्ती नाही म्हणजे हीनयान, मूर्ती आहे म्हणजे महायान, ही शाळकरी विभागणी सोडा. ‘सुरुवातीचं’ आणि ‘नंतरचं’ म्हणा. पंथाचं नाव शिलालेखात असेल तरच द्या.

शकात ७८ मिळवले की इसवी सन आलं, असं समजू नका. पाटणादेवीच्या देवळातला शिलालेख घ्या. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाचा तो लेख, भाऊ दाजींनी उजेडात आणलेला. त्यात शके ११२८ आहे. नुसती बेरीज केली तर १२०६ येतं. पण लेखात संवत्सराचं नाव आणि ग्रहणही दिलं आहे, आणि ते जुळवून अभ्यासक १२०७ देतात. संवत्सर, तिथी, ग्रहण हे सगळं वाचल्याशिवाय आकडा लिहू नका.

पुस्तकातल्या रंगावर विश्वास

‘अजिंठ्याचे कलाकार पिवळसर-तपकिरी छटा पसंत करत’ हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचलंय, की आता ते दिसलं की पान तिथेच मिटतो. १९२०च्या सुमारास निजामाच्या राज्यात इटलीहून दोन तज्ज्ञ आणले गेले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा धरून ठेवला, हे त्यांचे उपकारच. पण चित्रांवर लाखेचं वार्निश चढलं आणि ते काळाबरोबर पिवळं पडलं. पुढे पुरातत्त्व खात्याने ते काढायचं किचकट काम हाती घेतलं. म्हणजे तुमच्या पुस्तकातला फोटो कोणत्या सालचा आहे, यावर रंग अवलंबून. जुन्या प्रतिकृतींचीही तीच गत. रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराने वर्षानुवर्षं अजिंठ्याला राहून केलेल्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्सने मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांकडून करून घेतलेल्या प्रतींपैकी कित्येक १८८५ मध्ये लंडनमधल्याच दुसऱ्या एका आगीत जळाल्या. ज्या उरल्या त्या मोलाच्या आहेत, पण त्या प्रती आहेत. रंगाविषयी एक वाक्य लिहायचं असेल तर लेण्यात जाऊन, अंधाराला डोळे सरावेपर्यंत दहा मिनिटं गप्प उभं राहून लिहा.

फक्त मूर्ती पाहून परतणं

खाली बघा. दाराच्या चौकटीतली बिजागरीची खळगी बघा, खोलीतला दगडी ओटा बघा, पाणी कुठून आलं आणि कुठे काढून दिलं ते बघा. पितळखोऱ्याचा खडक ठिसूळ थरांचा, पाझर फार. तिथल्या कारागिरांचं निम्मं डोकं पाण्याशी झगडण्यात गेलंय. ४ नंबरच्या विहाराच्या पायऱ्यांपाशी पाच फण्यांचा नाग आहे. त्याच्या मागून पन्हळ काढलेली आहे आणि फण्यांना भोकं आहेत, म्हणजे निचऱ्याचं पाणी नागाच्या तोंडून बाहेर पडावं. ओळीने उभ्या हत्तींचे फोटो सगळे काढतात, त्या भोकांत बोट घालून कुणी पाहत नाही.

आणि शेवटची तक्रार. ‘सर, पितळखोऱ्याचा यक्ष कुठेच दिसला नाही,’ असं म्हणत मुलं परत येतात. एकोणीसशे पन्नासच्या दशकात तिथला ढिगारा उपसला तेव्हा तो बुटका, ढेरपोट्या, हसरा यक्ष सापडला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. निघण्यापूर्वी कुठली वस्तू कुठे गेली याची यादी करा, एका संध्याकाळचं काम आहे. आणि दिल्लीला गेलात तर चेहऱ्याआधी त्याचा हात बघा. त्यावर ब्राह्मीत कोरलंय की हे कन्हदास सोनाराने केलं. जळगावच्या सराफात बसून बारीक काम पाहिलेल्या माणसाला त्या यक्षाच्या गळ्यातला दागिना बघितला की हे वेगळं सांगावं लागत नाही: एकेक मणी दगडात सुटा केलाय.