मधोमध चिरलेली कवळी

बीडीएसनंतर चार वर्षं मी सिंहगड रोडला जनरल प्रॅक्टिस केली. तिथे एका आजींची वरची कवळी मी दोनदा जोडून दिली. दोन्ही वेळा ती मधोमध चिरली होती. सेल्फ क्युअर ॲक्रिलिक (आपोआप घट्ट होणारं कवळीचं प्लास्टिक) भरायचं, पॉलिश करून द्यायची, यापलीकडे मला सुचत नव्हतं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मी जपूनच खाते हो." चूक त्यांची नव्हती, पण कोणाची हेही मला सांगता येईना. त्या वर्षी मी नीट-एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या, तयारीला बसले आणि पुढे कवळ्या-कृत्रिम दातांचा विषय, प्रोस्थोडॉन्टिक्स, घेतला.

तुम्हालाही हा कोर्स करायचा असेल, तर पुण्याच्या बाजूच्या डेंटल कॉलेजांपैकी, धनकवडी, वडगाव, पिंपरी, कॅम्प, जिथे नंबर लागेल तिथे आधी एक चक्कर मारा. दुसऱ्या वर्षाच्या पीजींना (एमडीएसच्या विद्यार्थ्यांना) चहाला गाठून विचारा, महिन्याला पूर्ण कवळीच्या किती केसेस हातात येतात आणि लॅबचं काम स्वतः करायला मिळतं का. फीचा आकडा कुठेही कळतो, हे कळत नाही.

कोर्स तीन वर्षांचा. पहिले सहा महिने प्री-क्लिनिकल, म्हणजे पेशंट हाती घेण्याआधीचा लॅबमधला सराव. प्रॅक्टिस करून आलेल्यांना हे जड जातं, मलाही गेलं. मग पेशंटवर बॉर्डर मोल्डिंग, म्हणजे मापाच्या ट्रेची कडा घडवणं: ग्रीन स्टिक (मेणासारखी कांडी) आचेवर मऊ करायची, कोमट पाण्यात बुडवून तोंडात न्यायची, पेशंटचा गाल-ओठ हलवून कडा घडवायची. जमलं नाही की पुन्हा. मी क्लिनिकमध्ये एका मापात काम उरकत असे, त्याची इथे खंत वाटली.

आजींच्या कवळीचं कोडंही इथेच सुटलं. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजतच राहतं. बाजूचं हाड खाली गेलं, तरी टाळूची मधली रेघ कठीणच राहते. मग कवळी त्या रेघेवर टेकते आणि प्रत्येक घासाला दोन्हीकडून वाकते. नुसतं जोडून काय होणार? मधे रिलीफ (त्या रेघेपुरती थोडी मोकळी जागा) आणि आतून रिलाइन (नवा थर देऊन कवळी पुन्हा बसती करणं) हवं होतं.

सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, पहिल्या सहा महिन्यांत द्यावा लागतो, म्हणून विषय लवकर डोक्यात हवा. माझा तोच निघाला: जोडलेल्या ॲक्रिलिकची वाकण्याची ताकद. ६४ × १० × ३.३ मिलिमीटरच्या पट्ट्या बनवायच्या, ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायच्या, मग मशीनवर मोडायच्या. पहिला घाणा बुडबुड्यांनी वाया गेला, कारण क्युअरिंगला, म्हणजे ॲक्रिलिक उष्णतेने घट्ट करायला, घाई केली. मोनोमर (ॲक्रिलिकमधला द्रव) साधारण १०० अंशांना उकळतो, उष्णता हळूहळू चढवावी लागते. किती पट्ट्या लागतील हे संख्याशास्त्रज्ञाला आधीच विचारा. नंतर विचारून काही उपयोग नसतो.

तुम्ही आत्ता प्रॅक्टिसमध्ये असाल, तर परत येणाऱ्या प्रत्येक कवळीची वहीत नोंद ठेवा: किती वर्षं वापरली, कुठून तुटली, समोर खालचे दात खरे आहेत की कवळी. खरे दात असतील तर वरच्या कवळीवर जोर जास्त येतो. तुटलेल्या भागाचा फोटोही काढून ठेवा, जोडायच्या आधी.